सेबेराबाईंच्या दोन किल्ल्या

ओरुरो शहरात कार्निव्हलच्या मिरवणुकीतल्या झग्यांवर भरतकाम करणारे पुष्कळ आहेत. पण एकमेकांचं तोंड न बघणाऱ्या दोन मंडळांचं काम एकाच छपराखाली घ्यायची छाती फक्त सेबेरा कोल्के यांची. मिरवणुकीच्या दिवसापर्यंत एकाची नक्षी दुसऱ्याला दिसायची नाही, हा इथला दंडक. बाईंचे वडील नक्षीचे कागद दोन पेट्यांत ठेवत आणि दोन्ही किल्ल्या गळ्यात घालूनच झोपत. ते गेल्यावर किल्ल्या बाईंच्या गळ्यात आल्या.

पन्नाशीत बाई कॉम्प्युटरवर नक्षी काढायला शिकल्या. प्रोग्राम बंद केला की पेटीला कुलूप लागलं, एवढं त्यांचं साधं गणित. पण रोज उघडल्यावर फायली शोधता शोधता जीव मेटाकुटीला यायचा. शेवटी गेल्या आठवड्यात त्यांनी दुरुस्तीवाल्याला बोलावलं. "बंद करून उघडलं की सगळं जिथल्या तिथे दिसलं पाहिजे बाबा. निम्मं आयुष्य शोधण्यात चाललंय माझं." बंद करताना जे उघडं होतं ते आपोआप परत उघडेल, असं सेटिंग त्याने करून दिलं. बाई खूश झाल्या.

आज ट्रकवाल्यांच्या मंडळाचे रुफिनोशेठ आले. "दाखवा आमचा साप. का अजून अंड्यातच आहे?"

बाईंनी हसत प्रोग्राम उघडला. शेठचा दोन तोंडांचा सोनेरी साप आला आणि त्याच्या शेजारी, न बोलावता, बाजारवाल्यांच्या मंडळाचा आठ पायांचा कोळीही. शेठ खुर्ची पुढे ओढत होते. बाईंनी खांद्यावरची शाल ओढून पडद्यावर टाकली.

"काय झालं हो?"

"बघू नका. दुसऱ्यांचं उघडलंय. चूक माझी आहे, शेठ."

शेठ उठले आणि भिंतीकडे तोंड करून उभे राहिले. "घ्या, फिरवली पाठ. करा बंद." मग जरा थांबून म्हणाले, "हे असं कधीपासून उघडतंय?"

बाईंना कालचा दिवस आठवला. काल बाजारवाल्यांच्या एलियानाबाई आल्या होत्या. "उघडतंय तोवर बसा" म्हणून बाई त्यांच्यासाठी मक्याची गरम आपी प्यायला आणायला आत गेल्या होत्या. परत आल्या तेव्हा पडद्यावर कोळीच होता. त्याच्यामागे आणखी काही आहे का, हे त्यांनी बघितलंच नव्हतं. आणि एरवी तोंडाचा पट्टा चालू असणारी ती बाई गपगुमान आपी पिऊन निघून गेली होती.

तेवढ्यात फोन वाजला.

"सेबेराबाई, एलियाना बोलतेय. कोळी राहू द्या. आम्हाला साप काढा. दोन तोंडांचा, सोनेरी."

बाईंनी फोन ठेवला. शेठ अजून भिंतीकडेच बघत होते. एवढा विश्वास ठेवणाऱ्या माणसाच्या पाठीची त्यांना आज भीती वाटली.

"कुणाचा फोन होता, बाई?"

बाईंचा हात गळ्याकडे गेला. दोन्ही किल्ल्या जागच्या जागी होत्या.

"वळा इकडे, शेठ," त्या म्हणाल्या. "तुमचा साप गेला."