आधी चाल, मग माप

"आधी चाल दाखवा, ताई. माप मग."

कतारमधल्या नजमा भागातल्या त्या चिंचोळ्या दुकानात गळ्यात टेप अडकवून मास्तर प्रत्येक गिऱ्हाइकाला हेच सांगायचे. दारापासून आरशापर्यंत सात पावलं. तेवढ्यात कोणाचा खांदा पडतो, कोण लंगडणं लपवतं, सगळं त्यांना कळे. तुम्हीही शिंपी पुष्कळ पाहिले असतील; पण ब्लाउजचं माप घेता घेता "उजवा गुडघा डॉक्टरला दाखवा" म्हणणारा हा कराडचा माणूस एकटाच. माझ्या एक्स-रेत त्यांचंच खरं निघालं.

अल हिलालला आमच्या शेजारी पोलंडच्या एक बाई राहतात. त्यांनी आम्हा आठ जोडप्यांना एका कार्यक्रमासाठी पोलोनेझ शिकवायला घेतला. नाच कसला, जोडीनं ऐटीत चालायचं. दर तीन पावलांत एकदा गुडघा अलगद वाकवायचा. त्याच नावाचा जुन्या फॅशनचा झगाही असतो. वरचा घेर आतून दोऱ्यांनी ओढायचा की मागे तीन फुगे येतात. त्याचं चित्र घेऊन मी मास्तरांकडे गेले.

मोबाइलवर संगीत ऐकून ते खुलले. "गाण्याची चाल न्‌ माणसाची चाल एकच की!" म्हणत स्वतःच सात पावलं चालले, लग्नातल्या वरबापासारखे. मी हसून बेजार.

चित्रात दोऱ्या तीन होत्या; त्यांनी मात्र चार लावल्या. चौथी अस्तरात, लपवून.

"तीन तिगाडा, काम बिगाडा. माझ्या हातनं तीन नको, ताई."

त्या चौथीनं घेर एका बाजूला ओढला जात होता. "उसवा हो मास्तर," मी म्हटलं, "कतारमध्ये कसला आलाय तिगाडा?"

त्यांनी मुकाट्यानं उसवली.

पुढच्या ट्रायलला त्यांच्या डाव्या हातातून टाचण्यांचा डबा पडला. वेचून उठले, तर डावी चप्पल फरफटत होती. पूर्वी नव्हती.

"मास्तर, पाय?"

"चप्पल सैल झालीय. बोटांना मुंग्या येतात जरा. तुमचा कार्यक्रम होऊ दे, मग दाखवतो डॉक्टरला. इन्शाल्ला."

दुसऱ्याच्या चालीवरून गुडघ्याचं दुखणं ओळखणारा माणूस स्वतःची चाल लपवत होता, आणि मला ते दिसत होतं. तेव्हाच गाडीत घालून दवाखान्यात न्यायला हवं होतं. मी विचारलं काय, तर "गुरुवारपर्यंत होईल ना?" अजून लाज वाटते.

गुरुवारी गेले तर शटर अर्धं खाली. शेजारच्या कॅफेटेरियावाल्यानं झगा पिशवीत घालून दिला. "मास्टर कल मशीन पे ही गिर गए. आधा बदन खलास."

तिसऱ्या दोरीत सुई तशीच होती. मी नाचायला गेले नाही.

महिन्याभरानं त्यांना व्हीलचेअरवरून गावी पाठवलं. विमानतळावर त्यांनी माझ्या तोंडाकडे पाहिलंच नाही, पायांकडे पाहिलं. ओठ हलले. "चाल..." एवढंच कळलं. 'चाल दाखवा' की 'चाललो', कोण जाणे.

मी मागे सरकले आणि त्यांच्यासमोर सात पावलं चालून दाखवली.