लेडीज टॉयलेट नाही

आमच्या ऑफिसात एक पांढरा फळा होता. कोणत्या कारखान्याच्या ऑडिटला कोण जाणार, हे आमच्या सीए फर्मचे मालक, म्हणजे सर, त्यावर दर सोमवारी लिहायचे. बुटीबोरी, मौदा, कन्हान आणि त्यापुढे पोरांची नावं. माझ्या नावापुढे आठ वर्षं एकच शब्द होता: ऑफिस.

सुरुवातीला मी भांडले. सर म्हणाले, "काहून जाते वं त्या धुळीत? तिथं लेडीज टॉयलेट बी नाही. काही झालं तर तुझ्या बाबाले मी काय सांगू?" सीए झालेल्या, सत्तावीस वर्षांच्या बाईच्या बाबाला! पण बोलायचे इतक्या मायेनं, की रागावलं तर आपणच कृतघ्न ठरायचो. मी भांडणं सोडलं आणि पोरांनी बाहेरून आणलेले अर्धवट कागद निस्तरत राहिले.

गेल्या वर्षी सरांना फर्ममध्ये पार्टनर घ्यायचा होता. घेतला तो माझ्यानंतर चार वर्षांनी आलेला, मीच काम शिकवलेला मुलगा. कारण विचारलं तर म्हणाले, "तुझ्यात काही कमी नाही. पण त्याले फॅक्टरीचा अनुभव आहे. तू कधी बाहेर गेलीच नाही ना."

गेलीच नाही म्हणे. माझ्या अंगाचा तिळपापड झाला.

पुढे त्या नव्या पार्टनरच्या लग्नाच्या आठवड्यात बुटीबोरीच्या सूतगिरणीत साठा तपासायला कोणीच उरलं नाही, तेव्हा तीच धूळ माझ्यासाठी सरांना एकदम चालायला लागली. मी गेले. पॅकिंग विभागात बायकाच बायका होत्या. टॉयलेट कुठंय विचारल्यावर एकीनं बोट दाखवलं. ओळीनं सहा दारं, आतून कड्या, नळाला पाणी.

"हे कधी बांधले हो?"

"मी कामाले लागली तवापासून आहेतच, ताई. बारा वर्षं झाली."

दुसऱ्या दिवशी सरांच्या केबिनमध्ये उभ्याउभ्याच हे सांगितलं. चष्मा पुसत ते म्हणाले, "असं का? मले कोणी सांगितलंच नाही."

माझी आठ वर्षं ज्यापायी गेली, ते टॉयलेट आहे की नाही हे विचारायला त्यांनी एक फोनसुद्धा केला नव्हता. सरांवरचा राग कधीतरी निवेलही. पण फोन माझ्याही टेबलावर होता, तो राग कुठं काढू?