चिमणीच्या दिव्याची अरुंधती

विक्रोळीपासून मुलुंडपर्यंत कुठल्या घरात कोण कोणाभोवती फिरतं, हे खात्रीनं सांगू शकणारा माणूस एकच: माझ्या बायकोचे मामा. कारखान्याच्या टूलरूममध्ये त्यांची हयात गेली, पण जीव जोडताऱ्यांत. जोडीतल्या तेजस्वी ताऱ्याला खगोलवाले 'ए' म्हणतात, मंद असेल त्याला 'बी'. मामा ही अक्षरं माणसांनाही लावतात. लग्नानंतर पहिल्यांदा त्यांच्याकडे जेवायला गेलो, तेव्हा मला नीट न्याहाळून ते भाचीला म्हणाले, "तू ए. हे बी." माझा चेहरा पडलेला पाहून म्हणाले, "वाईट वाटून घेऊ नका जावईबापू. बी काही ए-भोवती फिरत नाही. दोघंही मधल्या एका बिंदूभोवती फिरतात. बिंदू जड ताऱ्याच्या जवळ असतो, एवढंच." गेली सव्वीस वर्षं तो बिंदू आमच्या स्वयंपाकघरात आहे.

माझी आई आमच्याकडे राहायला आली, तेव्हाही मामा आले आणि पोहे खाता खाता बोलून गेले, "तीन तारे सारख्या अंतरावर ठेवले की एक बाहेर फेकला जातो. दोघं जवळ, तिसरा लांबून, असं असलं तर टिकतं." आईनं आठवड्यात वरच्या मजल्यावर बिऱ्हाड केलं. फेकला जाणारा मीच, हे तिनं ओळखलं असावं.

या वेडाचं मूळ मामांच्या लग्नात आहे. सप्तपदीनंतर नवरीला अरुंधती दाखवायची. गुरुजींनी घाईत बोट केलं ते कारखान्याच्या चिमणीवरल्या लाल दिव्याकडे, आणि मामींनी त्याला मनोभावे हात जोडले. पुढं मामांनी स्वतः आरसा घासून दुर्बीण केली, मामींना खरी अरुंधती शंभरदा दाखवली. पण मामींचं एकच: "लग्नातली ती राहिलीच." दोन वर्षांपूर्वी त्या गेल्या, त्याआधी म्हणाल्या होत्या, "चिनूच्या लग्नात तरी चुकू नका."

चिनू म्हणजे आमची मुलगी. गेल्या वैशाखात मुलुंडच्या हॉलमध्ये तिचं गोरज मुहूर्तावर लग्न लागलं. सप्तपदी झाली आणि गुरुजी छताकडे बघून म्हणाले, "अरुंधती मनात आणा, नमस्कार करा."

"जेवणही मनातच आणता का, गुरुजी?" मामांनी विचारलं.

दुर्बीण त्यांनी सोबत आणलीच होती. मला एकच काम दिलं होतं, गच्चीची किल्ली सांभाळणं. खिसे चाचपले, तर नाही; सकाळच्या कुर्त्यात राहिली असणार, आणि तो कुर्ता घरी. मामांचा चेहरा उतरला. तेवढ्यात आमच्या घरच्या ए ताऱ्यानं पर्समधून किल्ली काढली. सकाळीच माझ्या खिशातून काढून घेतली होती म्हणे.

गच्चीवर मामांनी दुर्बीण उत्तरेला, सप्तर्षींतल्या वसिष्ठावर वळवली; अरुंधती त्याच्याच बाजूला असते. आकाश धुरकट, नुसत्या डोळ्यांना अरुंधतीचा पत्ता नाही. चिनूनं शालू सावरत डोळा लावला. मग म्हणाली, "मामाआजोबा, वसिष्ठ दोन आहेत."

"बाय गो, दोन दिसतत," मामांची मालवणी सुटली. "दोघांच्याही पोटात आणखी एकेक. ते दुर्बिणीतही दिसत नाहीत, प्रकाशाच्या रेषा मागेपुढे सरकतात त्यावरून कळतात. बाजूची अरुंधती, तीही जोडीच."

"म्हणजे सहा," लग्नभर न हसलेल्या विहीणबाई म्हणाल्या. "भांडत नाहीत?"

"अंतर ठेवून राहतात."

विहीणबाई खळखळून हसल्या आणि नंबर लावून उभ्या राहिल्या. मग रांग जिन्यातून थेट हॉलपर्यंत गेली. खाली बासुंदी वाट बघत होती आणि अख्खं वऱ्हाड वर, रांगेत गुरुजीसुद्धा. मामा प्रत्येकाला सेनापतीच्या थाटात "बघा" म्हणत होते.

सगळे उतरल्यावर मी म्हणालो, "मामा, जिंकलात. पण तुम्ही आता एकटा तारा."

"कोण म्हणतं?" मामा दुर्बीण आवरत म्हणाले. "जोडीदार दिसत नसला तर दिसतो त्याची चाल बघतात. तो सरळ न जाता जरा डुलत गेला की समजायचं."

नळी खांद्यावर टाकून ते जिना उतरू लागले. जिना चांगला रुंद होता, तरी ते भिंतीला घासून चालले होते. कठड्याकडची अर्धी पायरी, शेवटपर्यंत, त्यांनी मोकळी ठेवली.