गोठलेल्या तळ्याचा आवाज

मंडळी, आज सकाळी मी चक्क जीव घेऊन पळाले!

घरून, निशी-कसाईहून, आम्ही उत्तरेकडच्या बर्फाळ होक्काइदोतल्या तळ्याकाठच्या एका चिमुकल्या गावात आलोय. लॉजच्या आजी, मोरी-सान, आम्हाला गोठलेल्या तळ्यावर फिरायला घेऊन गेल्या. अचानक पायाखाली धडाडधूम! बर्फ फुटला म्हणून मी लेकीला ओढत काठ गाठला. "अहो आजी, परत या!" मी चक्क मराठीत ओरडले.

आजी तिथेच बर्फावर शांतपणे कमरेत वाकल्या होत्या. जपानीत काहीतरी म्हणाल्या.

लेकीने सांगितलं, "आई, बर्फ जाड होताना असा आवाज येतो. आपलं वजन पेलतोय म्हणून त्या तळ्याला थँक्यू म्हणतायत."

मी परत गेले. आसपास देऊळ नव्हतं, तरी हात आपोआप बुटांच्या नाड्या सोडायला गेले.

तुमचे हात कधी असे गेलेत?