नाकाखाली धरलेला आरसा

"काळा पडला! आवं, काळा पडला माझा इजू!"

मीच वरडत हुते, पन आवाज मला माझा वाटंना. साताऱ्यावरनं सांगलीला निघालेली येष्टी, कराड मागं पडलेलं, भर दुपारचं ऊन, आन मांडीवर उताणं झोपलेलं लेकरू घोरता घोरता एकदम गप झालं. छाती आत वडली जातीया, पन वारा काय आत जाईना. ओठ जांभळं झालेलं. शेजारी माझी सासू, आत्याबाई. ती त्येच्या डोक्याखालची राळ्याच्या दान्यांची उशी सारखी करत म्हनली, "वरडू नगं गं, गाढ झोप लागलीया त्येला."

तवर मागल्या सीटवरनं दोन हात आलं. जाडजूड बाई, सुती पातळ, डोळ्याला जाड चष्मा. इचारलं न्हाई, पुसलं न्हाई, पोरगं उचललं आन हातावर पालथं घातलं. हनवटीखाली बोट लावून जबडा जरा फुडं धरला. म्हनली, "पालथा! याला पालथाच धरायचा!"

"आवं बाई, माझ्या नातवाला मारताय का काय!" आत्याबाई उठलीच.

"मारत नाही, उलटा करतेय. तुम्ही बसा."

इजूनं एक हुंदका दिला आन टाहो फोडला. बाईनं पिशवीतनं लांब दांडीचा, नखाएवढा आरसा काढला, दात बघायचा असतो तसला, आन त्येच्या नाकाखाली धरला. आरशावर धुकं आलं. "हं. रडू दे आता. रडतोय तोवर काळजी नाही."

अशा भेटल्या मला बाई. सांगलीच्या दातांच्या डॉक्टरीण. त्येंस्नी नाव हुतं, पन मी बाईच म्हनले, शेवटपातुर.

गाडी पळत हुती आन बाईंचं इचारनं चाललेलं. दूध नाकातनं येतं का? येतं. घोरतो का? आत्याबाईचं तोंड फुललं. "घोरतंय म्हंजे! बापावानी. पैलवान हुनार बघा."

"आजी, घोरणं म्हणजे गाढ झोप नव्हे," बाई म्हनल्या. "श्वास दार ठोठावतोय. आवाज थांबला म्हणजे दार उघडलं असं नाही. ठोठावणारा दमला." मग इजूच्या हनवटीवर बोट ठेवलं. "ही मागं राहिलीय. जिभेला जागाच नाही. उताणा निजवला की जीभ मागं पडते आणि वाट बंद."

"ती हनवटी तिच्या माह्यारची हाय," आत्याबाई लगीच बोलली.

"मग टाळूला मागं फट आहे, ती कुणाकडची, तेही सांगून टाका."

आमच्याकडं पोराचं डोकं गोल व्हाया पायजे, म्हनून अंगुळ झाली की घट्ट बांधायचं आन राळ्याच्या उशीवर उताणं निजवायचं. आत्याबाईनं ती उशी सोता शिवल्याली. मी बी रोज मायेनं तसंच निजवत हुते. बाईंनी ती उशी काढून घेतली आन आपल्या कंबरंमागं ठेवली. "माझ्या कंबरेला बरी आहे." गाडीत समदी हासली. आत्याबाई न्हाई हासली.

आमचं पलूस आलं. आत्याबाईनं गठुडी उचलली. बाई मला म्हनल्या, "तू उतरू नकोस. माझ्याबरोबर सांगलीला चल." माझं मालक मिल्ट्रीत, लांब, बर्फाच्या मुलखात. कुनाला इचारू? मी आत्याबाईकडं बघितलं. तिनं इजूच्या ओठाकडं बघितलं. अजून निळसरच हुतं. "जा," म्हनली, "म्हशीचं मी बघते." आन तोंड फिरवून उतरली.

सांगलीत बाईंनी आदी पोरांच्या डॉक्टराकडं न्हेलं. त्येनं सांगितलं, असंच राह्यलं तर गळ्याला भोक पाडून नळी घालावी लागंल. बाई म्हनल्या, "मला थोडे दिवस द्या. मी तोंडात बसवायचं काहीतरी करून बघते. तुम्ही रोज त्याला तपासा, आणि बिघडला तर मी अडवणार नाही." डॉक्टर व्हय म्हनला.

मेणासारखा लगदा कोमट करून त्येच्या टाळूला दाबला, माप घ्याला. इजू मांडीवर पालथा, मी त्येचं हात धरल्यालं. मग गुलाबी पातळ चकती केली, टाळूला बसंल अशी, मागं एक शेपूट, जिभंला फुडं ढकलणारं. गिळू नये म्हनून दोरा, तो गालाला चिकटवलेला. पहिल्यांदा घातली तवा पोरगं उमासं काढून बेजार. बाईंनी काढली, घासली, घातली. परत काढली, परत घासली. "टोचतंय, हे तो सांगणार नाही. आपण ओळखायचं." अशी घासता घासता एक दिस ती बसली, आन इजू आवाज न करता झोपला. त्येला गप झोपल्यालं मी कवा बघितलंच नव्हतं. मी भ्याले, आरसा धरला. धुकं. डॉक्टरनं बी तपासलं आन नळीचं नाव काडलं न्हाई.

ऱ्हायला मी बाईंच्या घरातच. फुडच्या खोलीत दवाखाना, मागं चूल, आन दुसरं कुनी न्हाई. भिंतीवर एका मानसाचा हार घातलेला फोटू. जेवताना बाई ताटं दोन वाढायच्या, मग मला हाक मारायच्या. दुपारी दवाखाना झाकून त्या पेशंटच्याच खुर्चीत कलंडायच्या.

आन घोरायच्या. कपाटातल्या बाटल्या वाजायच्या. पहिल्या दिशी मला हासू आलं. मग आवाज थांबला. मी वाट बघितली. छाती आत वडली जाती, पन वारा न्हाई. हे तर माझ्या इजूचंच! मी धावले, बाईंची मान कुशीवर केली. बाई दचकून उठल्या.

"किती वेळ थांबला?"

"लय वेळ, बाई."

त्या हासल्या. "मला वाटलंच होतं. आपलं घोरणं आपल्याला ऐकू येत नाही गं. त्याला घरात दुसरं माणूस लागतं."

खणातनं त्येंनी एक वस्तू काडली. वरच्या दातांची पट्टी आन खालच्या दातांची पट्टी एकात जोडलेली, खालचा जबडा फुडं वडून धरणारी. सोतासाठी केल्याली. "करून ठेवलीय कधीची. पण लागू पडते का, हे मी झोपेत कसं बघू?"

मग आमचा उद्योगच झाला. इजू निजायचा, बाई निजायच्या तोंडात ती पट्टी घालून, मी दोघांच्या मधी बसायची आरसा घिऊन. उठल्या की लाळ पुसत इचारायच्या, "आज?"

"थांबला बाई, पन कालच्यापरास कमी."

मग त्या पट्टी अजून जरा फुडं सरकवायच्या. जबडा दुखायचा, भाकरी चावताना कळ यायची. एक दिस म्हनले, "आज न्हाई थांबला." बाई चष्मा काढून लय वेळ पुसत बसल्या.

पलूसला निघाले तवा त्येंनी आरसा मलाच दिला. "मला कोण धरणार आहे?" येष्टीच्या खिडकीशी उभ्या ऱ्हाऊन सांगितलं, "दर महिन्याला ये, तो वाढतोय, चकती नवी लागेल. हनुवटी पुढं येईल हळूहळू. मग काढायची. पण पहिल्यांदा काढू ती माझ्यासमोर. एकटीनं नाही."

मी जायची. बाई दारातच इजूची हनवटी धरायच्या, "आली, आली पुढं!" त्याच चकती मोठी करून द्यायच्या. मी इचारायची, "बाई, तुमचं?" "घालते गं. कुणी ऐकायला नाही, पण घालते."

गेल्या खेपंला दाराला कुलूप. शेजारीन म्हनली, गेल्या. दुपारी खुर्चीत झोपल्या त्या उठल्याच न्हाईत. मी दारातच बसले इजूला घिऊन. ती जबड्याची पट्टी तोंडात हुती का न्हवती, हे इचारायचं माझ्या व्हटांवर आलं. पन शेजारीन काय सांगनार? आन घरात तर कुनीच नव्हतं.

आता इजूला दात आल्यात. चकती बसंना झालीया, हिरडीतनं रगात येतंय, घातली की त्यो थुकतोय. पोरांचा डॉक्टर म्हनला, हनवटी बरी दिसतीया, काढून बघा, पन झोपंल तवा नजर हलवू नका. आत्याबाई म्हनते, "काढ की गं, किती दिस लेकराला छळनार?" ती बी आता त्येला कुशीवरच निजवते, राळ्याच्या उशीचं नाव घेत न्हाई.

आज दुपारी काढली. वाटीत पान्यात घातली हाय, जवळच. इजू कुशीवर झोपलाय, आन बारीक घोरतोय. घोरणं हाय का नुसता श्वास, ते कळंना. बाई असत्या तर मान वाकडी करून ऐकलं असतं आन सांगितलं असतं. मी आरसा धरलाय. धुकं येतंय, जातंय. मधीच उशीर हुतोय, मग येतंय. त्यो उशीर खरा हाय का माझ्या मनाचा, कोन सांगनार? हात भरून आलाय. डोळं मिटाय लागल्यात.

बाई, तुमी असता, तर परत घातली असती व्हय ती चकती, रगात येत असताना? आन न्हाई, तर सांगा मला, आरसा कवा खाली ठेवला असता?