पारखीकाकांची गाडी

पारखीकाका छत्री घ्यायला गेले, की चौकातला दुकानदार आधी स्वतःसाठी चहा मागवायचा. काका छत्री उघडायचे, मिटायचे, पुन्हा उघडायचे, गल्लीच्या तोंडाशी वाऱ्यात धरून उभे राहायचे, एकेक काडी वाकवून बघायचे. शेवटी जी पसंत पडे ती त्या दुकानातली सगळ्यात चांगली छत्री असे, हे दुकानदारही कबूल करी. ते बँकेत अधिकारी होते. नव्वदच्या आगेमागे पुण्याहून बदलून बनारसला आले आणि दूधविनायक मोहल्ल्यात आमच्या शेजारी भाड्याने राहू लागले. पारखी हे नाव माझ्या वडिलांनी ठेवलेलं. खरं आडनाव बँकेबाहेर कुणी वापरत नसे.

"वस्तू वाईट नसते, ती चुकीच्या कामाला घेतलेली असते," असं ते म्हणायचे. गल्लीत कुणाला कूलर घ्यायचा असो की पाण्याची मोटर, काकांना बरोबर नेत. त्यांचा पहिला प्रश्न ठरलेला असे, कशासाठी हवी? त्याचं नीट उत्तर मिळाल्याशिवाय ते दुकानाची पायरी चढत नसत. काकू हसायच्या. मला म्हणायच्या, "शुभा, मला बघायला आले तेव्हा मात्र चहा संपायच्या आत होकार दिला. आयुष्यात एवढीच घाई केली यांनी." काकांचे कान लाल होत.

काकूंना आधी नुसता खोकला होता. मग घाटाच्या पायऱ्या बंद झाल्या, मग जिना. फुप्फुसं हळूहळू कडक होत चालली आहेत, असं निदान झालं आणि लखनौच्या एका डॉक्टरांचं नाव कुणीतरी सुचवलं. पहिल्या खेपेला दोघं रेल्वेने गेले. परतताना गाडी भर उन्हात कुठल्याशा आडगावी उभी राहिली ती राहिलीच, आणि डब्यात काकूंना भोवळ आली. पुढच्या वेळी टॅक्सी केली. तिच्या धुराने आणि धक्क्यांनी जौनपूर येईपर्यंतच काकू खोकून खोकून निळ्या पडल्या, आणि काका तिथूनच माघारी फिरले. त्या दिवशी संध्याकाळी ते आमच्या ओट्यावर येऊन बसले आणि बाबांना म्हणाले, "आता गाडी घ्यावी लागणार."

नवी परवडणारी नव्हती. जुन्यांतली कुठली, हे मात्र काकांनी पक्कं केलं होतं. त्या वर्षांत ती गोल नाकाची, छोटी, मागचं दार वर उघडणारी गाडी रस्त्यावर दिसू लागली होती. अंगाने लहान, पण पळायला तिच्या बरोबरीची दुसरी नव्हती. "पळणारी हवी, कारण हिला रस्त्यावर कमीत कमी वेळ काढायचाय," काका म्हणाले. "पाच गिअर हवेत, म्हणजे वेगात असताना इंजिन ओरडणार नाही. एसी हवा, काचा बंद ठेवता येतील. स्प्रिंगा मऊ हव्यात. आणि मागे ऑक्सिजनचा सिलिंडर आडवा बसला पाहिजे." सिलिंडरच्या मापाची सुतळी ते खिशात बाळगू लागले.

माझा जन्म बनारसचा. काकांची हिंदी पुण्याची, म्हणून गाड्या बघायला ते मला सोबत नेत. मी तेव्हा शाळेत शिकवायला लागले होते, दुपारनंतर मोकळी असे. पहिली गाडी एका साडीवाल्या व्यापाऱ्याच्या मुलाची. त्याने स्प्रिंगा कापून ती पार जमिनीलगत आणली होती, रुंद चाकं चढवली होती, सायलेन्सर बदलला होता. काकांनी वाकून बघितलं आणि विचारलं, "गाडी इतनी खाली क्यों है?"

"खाली कहाँ, अंकल? सीटें तो सब लगी हैं," मुलगा म्हणाला.

काकांना 'रिकामी' नव्हे, 'नीची' म्हणायचंय, हे मी हसू दाबून समजावून सांगितलं. मुलाने मग चक्कर मारून आणली. दर खड्ड्याला माझे दात एकमेकांवर आपटत होते. "हवा से बात करती है, अंकल," तो अभिमानाने म्हणाला. काका माझ्याकडे वळून मराठीत म्हणाले, "त्याला सांग, हिच्यात बसणाऱ्या बाईला बोलायला हवाच पुरत नाही." मी ते सांगितलं नाही. सोचकर बताएँगे, एवढंच म्हटलं.

तसं मग बरेचदा म्हणावं लागलं. वेगाची हौस असणाऱ्या पोरांनीच या गाड्या घेतलेल्या, त्यामुळे बहुतेकींची हीच गत. एक साधी, न छेडलेली मिळाली, तर तिला एसी नव्हता. एकीला एसी होता, पण तो चालू केला की चढावर तिचा दम जायचा. तो आवाज ऐकून काकांनी लगेच एसी बंद करायला सांगितला. एकीच्या दारांमधली फट वरखाली होती. कुठेतरी आपटून सरळ केलेली. बाबा एकदा म्हणाले, "अहो, उन्नीस-बीस चालतं. घेऊन टाका." काका म्हणाले, "माझ्यासाठी असती तर घेतली असती."

उन्हाळा गेला, पावसाळा निम्मा सरला. काकू आता उशीला टेकून बसल्या बसल्याच झोपत. मी गाडीची हकिगत सांगायला गेले, की त्या ऐकून घेत आणि मधे मधे थांबत म्हणत, "अहो, मला नेऊन आणायचंय नुसतं. लग्न नाही लावायचं तिच्याशी." काका त्यांच्या पाठीमागची उशी सारखी करत. दुसरं काय करावं हे त्यांना कळत नसे. मला वाटतं, गाडी शोधणं ही एकच गोष्ट त्यांच्या हातात उरली होती, आणि ती तरी चुकू नये असं त्यांना वाटत होतं.

अखेर मिळाली. छावणीत राहणारे सैन्यातले एक अधिकारी बदलून चालले होते. गाडी जशी कारखान्यातून आली तशी होती. काका पाण्याने काठोकाठ भरलेला लोटा घेऊन मागच्या सीटवर बसले आणि त्या अधिकाऱ्यांना वरुणा नदीकडच्या उखडलेल्या रस्त्यावरून गाडी न्यायला सांगितली. उतरले तेव्हा त्यांच्या धोतरावर जेमतेम चार थेंब सांडले होते. सुतळी मागे बरोबर बसली. "हीच," ते म्हणाले, आणि किती तरी दिवसांनी मी त्यांना हसताना पाहिलं.

आमच्या गल्लीत गाडी येत नाही. मैदागिनच्या चौकापर्यंत काकूंना खुर्चीत बसवून बाबांनी आणि दूधवाल्याने उचलून नेलं. काका चालवायला बसले, सोबतीला मी मागे काकूंजवळ. काकांनी सांगितलं होतं तसंच सगळं झालं. आत गार होतं, धूळ नव्हती, बोललेलं ऐकू येत होतं. जौनपूर मागे पडलं तेव्हा काकू झोपल्या होत्या. गाडीने कुठेही काही कमी पडू दिलं नाही.

लखनौच्या डॉक्टरांनी तपासलं, छातीचे फोटो उजेडासमोर धरून पाहिले आणि काकूंना बाहेर बसवून काकांना आणि मला सांगितलं, की आता करण्यासारखं काही नाही. काकांनी मोडक्या हिंदीत विचारलं, चार महिने आधी आणलं असतं तर? डॉक्टर हळूच म्हणाले, "इससे फ़र्क़ नहीं पड़ता." ते खरं होतं की दयेपोटी बोललेलं, मला आजही सांगता येणार नाही.

बाहेरच्या बोळात काकांनी मला थांबवलं. "शुभा, ते नक्की काय म्हणाले? फर्क नहीं पडता, म्हणजे नाहीच ना?"

"नाहीच, काका."

पेट्रोल भरताना त्यांनी पुन्हा विचारलं. मी पुन्हा तेच सांगितलं.

काकूंना कुणी काही सांगितलं नाही, आणि त्यांनी विचारलंही नाही. सुलतानपूरच्या पुढे रस्ता मोकळा लागला. दोन्ही बाजूंना ऊस, समोर कुणी नाही. काकू म्हणाल्या, "अहो, एकदा पळवा की. एवढी निवडून घेतलीत." काकांनी आरशातून त्यांच्याकडे पाहिलं, गिअर बदलला आणि गाडी सोडली. ऊस हिरव्या भिंतीसारखा सरकू लागला. काकूंनी माझा हात घट्ट धरला होता. थोड्या वेळाने म्हणाल्या, "पुरे. छान आहे हो." काकांनी वेग कमी केला. बराच वेळ त्यांना नीट दिसत नसावं, कारण वायपर चालू होता आणि पाऊस नव्हता.

दिवाळीच्या आधी काकू गेल्या.

काकांनी नोकरी सोडून साताऱ्याला भावाकडे जायचं ठरवलं. गाडी विकली, तेव्हाही हिंदीसाठी मीच सोबत होते. घेणाऱ्याला त्यांनी तिची एकेक सवय सांगितली, सकाळी चोक किती ओढायचा तेसुद्धा. गाडी मैदागिनच्या गर्दीत दिसेनाशी झाली तरी ते तिथेच उभे होते. मागून सायकलरिक्षावाला घंटी वाजवत होता. मी त्यांना बाजूला घेतलं.

"चल, चहा करतो," ते म्हणाले.

घरी त्यांनी स्टो पेटवला, आधण ठेवलं, पत्ती घातली. मग फळीकडे बघत उभे राहिले. तिथे काकूंचे डबे ओळीने होते, सगळे एकसारखे, एकावरही काही लिहिलेलं नव्हतं.

"साखर कुठल्या डब्यात असते ते मला अजून सापडलेलं नाही," काका म्हणाले. "बिनसाखरेचाच पितोय. तू आलीस म्हणून..."

मी डबे एकेक करून उघडू लागले. काका माझ्या मागे दोन्ही हातांत रिकामे कप धरून उभे होते.