एक जूनच्या बायका

सुलभाताईंचं अक्षर मोत्यासारखं होतं, आणि घोटाळा तिथूनच सुरू झाला.

जामबागेतल्या मराठी वाचनालयाच्या मागच्या खोलीत त्या नऊ वर्षं दुपारी दोन ते चार बायकांचा साक्षरता वर्ग घेत होत्या. भांडी घासणाऱ्या, दुकानं झाडणाऱ्या बायका यायच्या. दोन-अडीच वर्षांत बसच्या पाट्या वाचायला लागायच्या, सही करायच्या आणि पुन्हा त्याच भांड्यांकडे परतायच्या. हे सुलभाताईंच्या जिवाला लागायचं. म्हणून त्या जिथे जिथे अर्ज निघे, तिथून तो आणत आणि स्वतः भरत. बायकांनी खाडाखोड केली तर कोण दारात उभं करणार, या भीतीपोटी.

पंच्याण्णव सालच्या फेब्रुवारीत शहरातल्या एका नव्या खाजगी हॉस्पिटलात चादरींच्या खोलीसाठी बायका हव्या होत्या. वॉर्डांची इंग्रजी नावं वाचून गठ्ठे लावायचे आणि वहीत नोंद करायची. कायम नोकरी. अटी दोनच, वाचता-लिहिता येतं असं वर्गाचं पत्र आणि वय पस्तिसाच्या आत. सुलभाताईंनी तिघींचे अर्ज दिले: शेवंता, रखमा आणि पार्वतीबाई.

पार्वतीबाई नांदेडकडची, भोकर तालुक्यातली. नवरा दौलत एका कचेरीत रखवालदार, मुलगी स्वप्ना दहावीला. पार्वतीबाई सकाळी बेगम बाजारात मिरचीच्या गोदामात देठं खुडायची. पहिल्या वर्षी वर्गात ती हात पाठीमागे धरून बसे. बोटांची आग व्हायची आणि चुकून डोळ्याला लागलं की अक्षर दिसेनासं व्हायचं. तरी तिने वर्गात मराठी आणि इंग्रजी उचललं, आणि तेलुगू अक्षरं स्वप्नाच्या पुस्तकांवरून. नऊ वर्षांत तिच्यासारखी विद्यार्थिनी झाली नव्हती.

बुधवारी हॉस्पिटलातून निरोप आला. सुलभाताई धावतपळत गेल्या. भरतीचे साहेब नरसिंहराव यांनी तिन्ही अर्ज टेबलावर पत्त्यांसारखे मांडले.

"क्या मॅडम, आपके क्लास में जून के सिवा कोई पैदाइच नहीं होता क्या?"

तिन्ही अर्जांवर जन्मतारीख एक जून. तिन्ही अर्ज एकाच हाताचे.

सुलभाताईंचे वडील अंबाजोगाईला शाळामास्तर होते. पोराची जन्मतारीख ठाऊक नसली की मास्तर दाखल्यावर एक जून घालत. साल अंदाजाने, तारीख ठरलेली. सगळेच मास्तर तसं करायचे. सुलभाताईंनी लहानपणापासून ते पाहिलेलं. आपल्या रजिस्टरात त्यांनी तेच केलं. नऊ वर्षांत कोणी विचारलं नव्हतं.

"बोगस सर्टिफिकेटां बहुत आरे आजकल," साहेब शांतपणे म्हणाले. "शनिवार को ग्यारा बजे तक एफिडेविट लाव. नै तो तीनों कॅन्सल. और औरतों को भी लेके आव. पढ़ के दिखाना."

शुक्रवारी सुलभाताई तिघींना घेऊन नामपल्लीच्या कोर्टाबाहेर गेल्या. झाडाखाली टायपिस्ट ओळीने बसलेले. वाटेत शेवंता म्हणाली, "ताई, आमची नोकरी जायची नाही ना वं?" सुलभाताई "नाही गं" म्हणाल्या, पण तो आवाज त्यांचा त्यांनाच परका वाटला.

शेवंता आणि रखमाला जन्माचं खरंच काही ठाऊक नव्हतं. थोरल्या पोरांच्या वयावरून मागे मोजत सालं ठरली, 'तारीख माहीत नाही' असं चक्क लिहिलं गेलं. पार्वतीबाईची पाळी आली.

"बोलो, जून एकसठ?" टायपिस्टने विचारलं.

"नाही," पार्वतीबाई म्हणाली. "चौदा ऑक्टोबर छप्पन."

सुलभाताईंनी तिचा दंड धरला आणि तिला जरा बाजूला घेतलं. "पार्वतीबाई, काय बोलतेस? छप्पन म्हणजे अडतीस होतात. पस्तिसाची अट आहे!"

"हाय की ठाऊक."

"मग?"

"मग काय? माझा बाप नागपूरला दीक्षा घ्यायला गेला, आणि त्याच दिवशी मी झाले. साऱ्या गावाला ठाऊक हाय. चार दिवसांनी बाप घरी आला तवर आजीनं नाव ठेवूनसुद्धा टाकलं, म्हणून तर पार्वती. बाप जन्मभर त्या नावावर कुरकुरला, पण तारीख कधी चुकू दिली नाही. दरसाली मला समोर बसवून सांगायचा."

"मला कधी बोलली नाहीस ते!"

"तुम्ही विचारलं कुठं?" पार्वतीबाईने दंड हळूच सोडवून घेतला. "पहिल्या दिवशी तुम्ही म्हणला, 'वय माहीत नसेलच, राहू दे.' मी तोंड उघडायच्या आत लिहून मोकळ्या. मला तवा वाचता येत नव्हतं. नंतर वाचता आलं तवा दिसलं. म्हटलं, ताईची वही हाय, असू दे."

"आता तरी असू दे," सुलभाताई कुजबुजल्या. आपण काय सांगतोय हे त्यांना कळत होतं, पण समोर उद्याचे अकरा दिसत होते. "एक कागद आहे नुसता. नोकरी कायमची आहे, पार्वती."

"वहीत तुम्ही लिहिलं, ती तुमची चूक. इथं शपथेवर मी सही करणार, मग ती माझी." ती टायपिस्टकडे वळली. "लिखो भय्या. चौदा."

मशीन खडखडलं. सुलभाताई झाडाला टेकून उभ्या राहिल्या. पार्वतीबाईचं वय पाहून साहेब सगळ्याच पत्रांवर काट मारतील, एकीच्या खऱ्यापायी तिघी बुडतील, हाच विचार घणासारखा डोक्यात पडत होता. आणि त्याखाली दुसरा: बुडाल्या तर तिच्यामुळे नव्हे, माझ्यामुळे.

शनिवारी पावणेअकराला चौघी साहेबांसमोर होत्या. साहेबांनी तिसरा कागद वाचला आणि चष्म्यावरून पाहिलं.

"इसमें छप्पन. क्लास के लेटर में एकसठ. कौन सा सच्ची?"

"ये वाला," पार्वतीबाई म्हणाली.

"साब, गलती मेरी है," सुलभाताई पुढे होऊन म्हणाल्या. "मैंने पूछा नहीं. तीनों से नहीं पूछा." मग त्यांनी वडिलांचं, दाखल्यांचं सगळं सांगितलं. सांगताना पहिल्यांदाच त्यांना ते मोठं विचित्र वाटलं.

साहेबांनी वॉर्डांची यादी पुढे सरकवली. शेवंताने अडखळत वाचली. रखमाने बोट ठेवून वाचली. पार्वतीबाईने घडाघडा वाचली, आणि शेवटी म्हणाली, "साब, मॅटर्निटी दो बार आया इसमें."

साहेबांनी यादी स्वतःकडे ओढली. खरंच दोनदा होतं.

त्यांनी दोन अर्जांवर शिक्का मारला. तिसरा हातात घेऊन थोडा वेळ तसाच धरला. "नुकसान मालूम होके भी सच बोली ये अम्मा, इसलिए बाकी दोनों का मान रहा हूँ," ते म्हणाले. "मगर तुमको कैसे लूँ? पैंतीस के ऊपर डालो तो कंप्यूटर लेताइच नहीं."

"हौ साब," म्हणून पार्वतीबाईने अर्ज परत घेतला, नीट चार घड्या घातल्या.

बाहेर शेवंता आणि रखमा हसू दाबत होत्या आणि पार्वतीबाईकडे बघून पुन्हा गंभीर होत होत्या. "हसा गं," पार्वतीबाई म्हणाली, "मयत नाही झालं कुणाचं." त्या दोघी बसने पुढे गेल्या. पार्वतीबाईबरोबर सुलभाताई मागे राहिल्या.

"सोमवारी देठं खुडायला जाशील?"

"मिरच्या काय वय विचारत नाहीत."

ते सुलभाताईंना फार लागलं. दोघी जामबागेपर्यंत चालत आल्या. वर्गाची खोली उघडताना मात्र त्यांचा हात थांबला. कपाटात महिनाभर एक फॉर्म पडून होता, मुक्त विद्यापीठाच्या पात्रता परीक्षेचा. शाळेचा दाखला नसला तरी ती परीक्षा देऊन कॉलेजात नाव घालता यायचं. हा फॉर्म पार्वतीबाईला दाखवायचा नाही, असं त्यांनी मनाशी ठरवलं होतं. नापास झाली तर खचेल, आधी नोकरी लागू दे. तेही विचारलं नव्हतंच.

त्यांनी तो काढून बाकावर ठेवला. "कठीण आहे. तेलुगूतून देता येईल. पास होशीलच असं मी म्हणत नाही."

पार्वतीबाईने ओळीओळीने वाचला. मग विचारलं, "ह्याला वयाची अट काय?"

"अठरा पूर्ण."

"मग झाली की. दोनदा झाली."

सुलभाताईंनी सवयीने पेनाचं टोपण काढलं, फॉर्म स्वतःकडे ओढला. पार्वतीबाईने हात पुढे केला.

"पेन द्या इकडं."

सुलभाताईंनी दिलं. जन्मतारखेच्या चौकटीत एक आणि चार हे आकडे जरा वाकडेच पडले, चाराचा पाय रेघेबाहेर गेला. सुलभाताईंनी हात मांडीवर घट्ट दाबून धरले आणि पुढच्या चौकटीची वाट पाहिली.